मनोविकृतींची कारणमीमांसा : महाराष्ट्रातील इतिहास

मनोविकृतींची कारणमीमांसा : विचार, भावना, संवेदन व वर्तन यांत दीर्घकाळ टिकणारा आणि व्यक्तीच्या दैनंदिन जीवनात बाधा आणणारा बिघाड म्हणजे मनोविकृती होय. असा बिघाड का होतो, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. शरीरातील दोषांचा प्रकोप, पूर्वकर्म, भूतबाधा, गांजा, आनुवंशिकता, जंतुसंसर्ग, बालपणीचे आघात आणि दारिद्र्य ही त्यांपैकी प्रमुख होत. या उत्तरांचा इतिहास हा वैद्यकाच्या प्रगतीचा इतिहास आहेच. पण रुग्णाला वैद्याकडे न्यावयाचे, देवस्थानी ठेवावयाचे, तुरुंगात पाठवावयाचे की घरात कोंडावयाचे, हेही त्या त्या काळी मानलेल्या कारणावरून ठरत आले. दोष रुग्णाच्या, त्याच्या कुटुंबाच्या की परिस्थितीच्या माथी मारावयाचा, हेही त्यावरूनच ठरे. प्रस्तुत नोंदीत या विचारांचा आढावा महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या संदर्भात घेतला आहे.

प्राचीन वैद्यक : आयुर्वेदात मनोविकृतींचा विचार मुख्यतः ‘उन्माद’ या संज्ञेखाली आढळतो. चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतू असे पाच प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेत मानसिक दुःखाने होणारा व विषाने होणारा असे दोन प्रकार वेगळे मानले आहेत. विरुद्ध व दूषित आहार, देव व गुरुजनांचा अवमान, तसेच भीती किंवा हर्ष यांमुळे मनावर झालेला आघात ही उन्मादाची कारणे होत. शरीराच्या वात, पित्त व कफ या दोषांप्रमाणेच रज व तम हे मनाचे दोष मानले गेले. देव, गंधर्व, पिशाच इत्यादींच्या योगे होणाऱ्या आगंतू उन्मादाविषयीची चरकाची भूमिका लक्षणीय आहे. ज्याने स्वतःच्या वर्तनाने स्वतःला दुर्बल केलेले नाही, त्याला देव वा पिशाच पीडा देत नाहीत. म्हणून आपल्या व्याधीचा दोष देवादिकांना देऊ नये, असे तेथे प्रतिपादन केले आहे. बुद्धी, धैर्य व स्मृती यांच्या भ्रंशामुळे घडणारी चूक, म्हणजेच ‘प्रज्ञापराध’, हे या विचाराचे मूळ सूत्र होय. त्यामुळे पिशाचाचे भय कमी झाले. मात्र रोगाची जबाबदारी रुग्णाच्या आचरणावर येऊन पडली.

यूनानी वैद्यकातही शारीरिक कारणांना प्राधान्य आहे. रक्त, कफ, पित्त व ‘सौदा’ म्हणजे कृष्णपित्त या चार द्रवांचा समतोल बिघडल्याने रोग होतात, हा ग्रीक सिद्धांत इब्न सीना (९८०–१०३७) याच्या ग्रंथांतून भारतात आला. सौदा वाढल्यास ‘मालीखोलिया’ हा खिन्नता, भय व भ्रम उत्पन्न करणारा विकार होतो, असे हकीम मानीत. हैदराबादच्या निजामी राज्यात या वैद्यकास राजाश्रय होता. मराठवाडा १९४८ पर्यंत त्या राज्याचा भाग असल्याने तेथील शहरांत वैद्य व हकीम अशा दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. [⟶ आयुर्वेद, यूनानी वैद्यक].

लोकसमजुती : ग्रंथस्थ वैद्यकापेक्षा सामान्य जनांत भूतबाधा, करणी व दृष्ट यांची कल्पना अधिक रूढ होती. रुग्णाला ‘लागीर झाले’, त्याला ‘झपाटले’ किंवा त्याच्या ‘अंगात आले’, असे म्हणण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील भुतांची नामावळी पाहता तीत एक सामाजिक क्रम दिसतो. मुंज झाल्यावर पण विवाहापूर्वी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची अळवंतीण होते. ज्यांचे आयुष्य अपुरे राहिले अथवा ज्यांच्यावर अन्याय झाला, तेच मृत पुढे घरातील जिवंत माणसांना पीडा देतात, अशी ही कल्पना आहे. घरातील जुने दुःख व कलह बोलून दाखविण्याची वाट या भाषेमुळे मोकळी होत असे. सासरी मूक असणारी सून अंगात आल्यावर जे बोले, ते ऐकून घेणे घरच्यांना भाग पडे.

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील गुलमंडी ही जुनी व्यापारी पेठ या संमिश्र वातावरणाचे उदाहरण म्हणून घेता येईल. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचा विस्तार होऊन झालेल्या या शहरात मराठी व दखनी उर्दू बोलणारा समाज एकाच बाजारात वावरत आला. गुलमंडीवर सुपारी मारुतीचे प्रसिद्ध मंदिर आहे. भूतपिशाचांना दूर ठेवणारे दैवत म्हणून मारुतीची ख्याती महाराष्ट्रभर आहे आणि पीरांच्या दर्ग्यांविषयीही अशीच श्रद्धा हिंदू व मुसलमान या दोहोंत आढळते. अशा शहरात एकाच कुटुंबाने एकाच रुग्णासाठी काढा, माजून, अंगारा व ताईत हे सर्व उपाय क्रमाने किंवा एकाच वेळी करणे यात कोणालाही विसंगती वाटत नसे. कारणांविषयीचे सिद्धांत परस्परविरोधी असले, तरी रुग्णाच्या आप्तांचा व्यवहार त्यांपैकी एकावरच विसंबून नव्हता.

भूतबाधेच्या निवारणासाठी महानुभाव पंथाची काही स्थाने प्रसिद्ध आहेत. जालना व बुलढाणा या जिल्ह्यांच्या सीमेवरील जाळीचा देव हे त्यांपैकी एक. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास मानवशास्त्रज्ञ व्हिएदा स्कल्टन्स यांनी केला व तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदिरात रुग्ण एकटा येत नसे. त्याच्याबरोबर आई, पत्नी किंवा बहीण येऊन राही. पुष्कळदा रुग्णाऐवजी या स्त्रियांच्याच अंगात येई. मुलाची किंवा पतीची पीडा आपण स्वतःवर ओढून घेत आहोत, अशी त्यांची धारणा होती. आजाराचे मूळ संपूर्ण कुटुंबात आहे, ही जाणीव या पद्धतीत होती. परंतु तिचा भार मुख्यतः स्त्रियांनी वाहिला, हेही या अभ्यासातून स्पष्ट होते.

इस्पितळे व कारणांची नोंद : ब्रिटिश अमलात वेड्यांसाठी स्वतंत्र इस्पितळे स्थापन झाली. मुंबईतील कुलाबा येथील इस्पितळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. १८५८ च्या कायद्याने अशा संस्थांना निश्चित चौकट मिळाली. त्यानंतर नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) व पुण्याजवळ येरवडा (१९१५) येथील संस्था उभ्या राहिल्या. १९१२ मध्ये नवा कायदा झाला आणि १९२२ च्या सुमारास या संस्थांचे ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे नाव जाऊन त्यांना मानसोपचार रुग्णालये म्हणण्यास प्रारंभ झाला. हैदराबाद संस्थानचे ‘दार-उल-मजानीन’ हे वेड्यांचे इस्पितळ विसाव्या शतकाच्या आरंभापासून जालना येथे होते. १९५३ मध्ये ते हैदराबादमधील एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. त्यानंतर अनेक दशके मराठवाड्यात शासकीय मनोरुग्णालय नव्हते.

या संस्थांच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक रुग्णाच्या वेडाचे कारण नोंदविण्याचा रकाना असे. कारणांची विभागणी ‘नैतिक’ व ‘शारीरिक’ अशी केली जाई. शोक, भय, मालमत्तेचा नाश व धर्मवेड ही नैतिक कारणे. ताप, अपस्मार, आनुवंशिकता, मद्य, गांजा व हस्तमैथुन ही शारीरिक कारणे मानीत. बहुसंख्य रुग्णांपुढे मात्र ‘कारण अज्ञात’ असेच लिहिलेले असे. बहुतेक रुग्ण पोलिसांनी रस्त्यावरून आणलेले असत आणि त्यांच्या पूर्वायुष्याची माहिती देणारे कोणी सोबत नसे.

गांजाचा आरोप : या रकान्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण गांजासंबंधी आहे. गांजा व भांग यांमुळे देशात वेड पसरत आहे, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दृढ झाला होता आणि त्याला इस्पितळांच्या आकडेवारीचा आधार दिला जाई. ब्रिटिश पार्लमेंटमधील चर्चेनंतर १८९३ मध्ये भारत सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाच्या सदस्यांत तीन भारतीय होते. मुंबई इलाखा व मध्य प्रांत यांसह देशभर फिरून आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला.

आयोगाने १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णांची एकेक करून तपासणी केली. एकूण १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, चरस किंवा भांग असे नोंदले होते. नातेवाईक, शेजारी व मूळ गाव यांच्याकडे चौकशी केल्यावर त्यांपैकी केवळ ९८ रुग्णांच्या बाबतीत हे कारण ग्राह्य ठरले. त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे जोडीला होती. म्हणजे गांजा हेच एकमेव कारण मानता येईल असे रुग्ण ६१ होते.

चूक कशी घडत होती, हेही आयोगाने दाखवून दिले. वेडसर माणूस सापडला की पोलिसाला छापील तक्त्यातील कारणाचा रकाना भरावा लागे. तो गांजा ओढतो असे कळले, किंवा केवळ तसा संशय आला, की तेच कारण लिहिले जाई. दंडाधिकाऱ्याच्या कागदातून ते इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे, तेथून वार्षिक अहवालात जाई आणि अखेरीस शास्त्रीय पुरावा म्हणून उद्धृत केले जाई. काही रुग्णांनी वेड लागल्यावरच गांजा ओढण्यास आरंभ केला होता. व्यसन हे आजाराचे कारण आहे, त्याचे लक्षण आहे की केवळ योगायोग आहे, हा भेद नोंदवहीत नव्हता. माफक सेवनाने मनावर अनिष्ट परिणाम होत नाही. अतिरेकी सेवन मात्र, विशेषतः ज्यांची प्रकृती मुळातच दुर्बल आहे अशांना, घातक ठरू शकते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. अलीकडील संशोधनानुसार किशोरवयात आरंभ केलेले व तीव्र मात्रेचे गांजाचे सेवन चित्तविकृतीची जोखीम वाढविते. तथापि ‘जोखीम’ व ‘कारण’ या भिन्न कल्पना आहेत, हा १८९४ च्या अहवालातून निघणारा धडा आजही लागू पडतो.

हस्तमैथुनाने वेड लागते, हा त्या काळातील दुसरा प्रबळ समज. तो यूरोपीय वैद्यकातही रूढ होता व वीर्यनाशाच्या देशी कल्पनांशी त्याची सहज सांगड बसली. र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून अशा समजुतींवर सातत्याने टीका केली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. खोट्या कारणामुळे निष्पाप तरुणांना अपराधभावाचा जो मानसिक त्रास होई, तो स्वतःच आजाराला निमंत्रण देणारा होता.

शारीरिक कारणांचा शोध : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही मनोविकृतींची शारीरिक कारणे निर्विवादपणे सिद्ध झाली. उपदंशाच्या उत्तरावस्थेत भ्रम, बुद्धिनाश व पक्षाघात उत्पन्न करणारा विकार जगभरातील इस्पितळांत मोठ्या प्रमाणावर आढळे. अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू असल्याचे हिदेयो नोगुची व जे. डब्ल्यू. मूर यांनी १९१३ मध्ये दाखविले. पुढे पेनिसिलीनच्या वापराने हा विकार विरळ झाला.

दुसरे उदाहरण दख्खनच्या पठाराशी निगडित आहे. वल्कचर्म किंवा पेलाग्रा या रोगात उन्हाने त्वचा काळवंडते, अतिसार होतो आणि खिन्नता, विस्मरण व भ्रम ही मानसिक लक्षणे दिसतात. हा रोग सदोष आहारामुळे होतो, हे अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या संशोधनातून दाखविले. निकोटिनिक अम्लाचा अभाव हे त्याचे कारण असल्याचे १९३७ च्या सुमारास निश्चित झाले. अन्यत्र हा रोग मक्यावर जगणाऱ्यांत आढळे. दख्खनमध्ये मात्र तो ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत दिसून आला. हैदराबाद येथे सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास करून ज्वारीतील ल्युसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. परंतु डाळ, दूध व भाजीपाला यांची जोड नसलेल्या, केवळ भाकरीवर भागविलेल्या आहारामुळे मनही रोगी होते, ही गोष्ट वादातीत आहे. येथे कारण शारीरिक असले, तरी त्या कारणाचे कारण दारिद्र्य होते.

औषधांच्या शोधानेही कारणमीमांसेला दिशा दिली. सर्पगंधा ही वनस्पती भारतात वेडावर परंपरेने वापरात होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या गुणांकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसरपीन वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी क्लोरप्रोमॅझीनचा मनोविकृतींवरील उपयोग फ्रान्समध्ये सुरू झाला. रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांत अवसाद उत्पन्न होतो, या निरीक्षणाचा मेंदूतील रासायनिक द्रव्यांच्या न्यूनतेची उपपत्ती मांडताना उपयोग झाला. ती उपपत्ती फार सरळधोपट होती, हे आता मान्य झाले आहे. आनुवंशिकतेबाबतही असेच आढळते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकास छिन्नमानस झाल्यास दुसऱ्यास तो होण्याचा संभव इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. तथापि निम्म्याहून अधिक प्रसंगी दुसरे भावंड निरोगीच राहते. कुळाचा दोष म्हणून विवाहसंबंध मोडण्यास या ज्ञानाचा आधार घेता येत नाही.

मानसिक व सामाजिक कारणे : सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी अबोध मनातील संघर्ष व बालपणीचे अनुभव यांवर भर दिला. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्ता येथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मुंबईत सर्वसाधारण रुग्णालयांतच मानसोपचार विभाग सुरू झाल्याने मनोविकृती हा इतर आजारांसारखाच आजार आहे, ही दृष्टी रुजण्यास मदत झाली. मात्र मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली छिन्नमानसाचे खापर मातेच्या वागणुकीवर फोडणारी उपपत्ती पाश्चात्त्य देशांत काही काळ प्रचलित होती. तिला पुराव्याचा आधार मिळाला नाही.

सामूहिक आपत्तीचा मनावरील परिणाम मराठवाड्याने प्रत्यक्ष अनुभवला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने वाचलेल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. अवसाद, चिंता व आघातोत्तर ताण हे पूर्वी निरोगी असलेल्या माणसांतही परिस्थितीमुळे उद्‌भवतात, हे अशा अभ्यासांवरून स्पष्ट होते.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२३ मध्ये १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. महाराष्ट्र शासनाच्या योजनेनुसार नापिकी, कर्ज व परतफेडीचा तगादा ही कारणे सिद्ध झाल्यास मृताच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते आणि प्रकरण ‘पात्र’ ठरते. अन्य कारण आढळल्यास ते ‘अपात्र’ होते. एका रकान्यात एकच कारण लिहिण्याची जुनी अडचण येथे नव्या रूपात दिसते. कर्ज, अवर्षण, मद्यपान, घरगुती कलह व अवसाद हे एकाच आयुष्यात एकमेकांना बळ देत असतात. त्यांपैकी एक निवडल्याने उरलेली खोटी ठरत नाहीत. मराठवाडा व विदर्भ यांतील १४ जिल्ह्यांत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात शेतकऱ्यांना समुपदेशन देण्याची तरतूद करण्यात आली. आर्थिक संकट व मानसिक आजार यांचा एकत्रित विचार शासकीय पातळीवर तेथे झालेला दिसतो.

आधुनिक दृष्टिकोन व कायदा : जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जैव-मानसिक-सामाजिक प्रतिमानानुसार कारणांचे पूर्वप्रवृत्त करणारी, तात्कालिक व आजार टिकवून धरणारी असे तीन वर्ग पाडले जातात. आनुवंशिकता किंवा बालपणीची उपासमार पूर्वप्रवृत्ती निर्माण करते. वियोग, अपमान किंवा कर्ज हे तात्कालिक कारण ठरते. उपचाराचा अभाव व सामाजिक कलंक आजार टिकवून धरतात. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील प्रौढांपैकी १०·६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणती ना कोणती मनोविकृती असल्याचे आढळले. विविध विकारांत उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण सुमारे ७० ते ९२ टक्के होते. म्हणजे तिसऱ्या वर्गातील कारणे, जी दूर करणे समाजाच्या हाती आहे, तीच भारतात सर्वाधिक व्यापक आहेत.

चुकीच्या कारणाची किंमत किती मोठी असू शकते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसून आले. दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरविला. प्रार्थना, उपासना व यात्रा यांना त्याने प्रतिबंध केलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. तसेच एखाद्या व्यक्तीची आर्थिक वा सामाजिक स्थिती, अथवा समाजाच्या नैतिक व सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणारे तिचे वर्तन, यांवरून तिला मनोरुग्ण ठरविता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपवितो.

मनोविकृतींच्या कारणांविषयीचे ज्ञान अद्याप अपूर्ण आहे. उपदंश किंवा वल्कचर्म यांप्रमाणे एकच निश्चित कारण सापडलेले विकार थोडे आहेत. छिन्नमानस, अवसाद व उद्दीपन-अवसाद यांसारखे बहुसंख्य विकार अनेक कारणांच्या संयोगाने होतात. उपचारांना आरंभ करण्यासाठी मात्र अंतिम कारण कळण्याची वाट पाहावी लागत नाही. औषधे, समुपदेशन, कुटुंबाचा आधार व उपजीविकेची शाश्वती यांच्या साहाय्याने पुष्कळ रुग्ण बरे होतात किंवा आजार असतानाही आपले जीवन समाधानाने जगू शकतात. गुलमंडीसारख्या पेठेत पूर्वीची कुटुंबे जे अनेक उपाय एकाच वेळी करीत, त्यांतील सर्वच उपयुक्त होते असे नाही. परंतु रुग्णाकडे अनेक बाजूंनी पाहिले पाहिजे, हा त्यांच्या व्यवहारातील विवेक आधुनिक मानसोपचारशास्त्राशी सुसंगत आहे.